'ताप आला तर या' एवढ्यावर भागत नाही: कोल्हापुरातल्या आयसीयू डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यात अतिदक्षता विभाग चालवणारे सर्व डॉक्टर,
तसेच जिल्हा आरोग्य विभागातील अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

सेप्सिसमधून वाचलेल्या पेशंटला घरी सोडताना त्याच्या कार्डावर तुम्ही काय लिहिता आणि काय लिहायचं राहून जातं, याबद्दल हे पत्र आहे. (सेप्सिस म्हणजे संसर्गाला उत्तर देताना शरीराचा दाह एवढा बेभान होतो की स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात.) मी डॉक्टर नाही. इथल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. पण गल्लीत किंवा भावकीत कुणी दवाखान्यातून सुटून आलं की त्याची फाईल हटकून माझ्याकडे येते. "सर, यात काय लिवलंय बघा की जरा." औषधं मी सांगत नाही, सांगूही नये. फाईल मात्र वाचतो.

त्यातली एक सध्या माझ्या टेबलावर आहे. शिरोळ तालुक्यातल्या माझ्या मावसभावाची, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणलेली. वर फिकट पडलेल्या ईसीजीच्या पट्ट्या, त्याखाली क्रिएटिनिनचे, म्हणजे मूत्रपिंडाचे, रिपोर्ट, आकडे चढत गेलेले आणि मग हळूहळू उतरलेले. तुटलेल्या उसाचा बुडखा पायात घुसला, साखर आधीपासून होती, चार-सहा दिवस गावातच इंजेक्शनं झाली आणि मग शहरातल्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर गेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला अक्षरशः ओढून आणला, त्याबद्दल घरातलं कुणीही कधी वाकडा शब्द बोलणार नाही. फाईलमधलं डिस्चार्ज कार्ड मात्र पाहा. निदान: उजव्या पायाचा सेल्युलायटिस (कातडीखालचा संसर्ग), मधुमेह. प्रकृती: स्थिर. खाली गोळ्या, ड्रेसिंगची तारीख, आणि शेवटी 'ताप आल्यास दाखवणे'. बस. सेप्टिक शॉकचा, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळल्याचा, उल्लेख कुठेही नाही. बिलाच्या यादीत नॉरॲड्रेनालिनची इंजेक्शनं ओळीनं दिसतात, म्हणजे रक्तदाब टिकवायला औषध लागलं होतं हे आम्हाला बिलावरून कळलं.

काही आठवड्यांनी तो जेवेना. सोप्यात नुसता बसून राहायचा. म्हशीची धार काढली का, हे एकदा विचारून झाल्यावर परत तेच विचारायचा. श्वास भरभर चालत होता. वहिनींनी कार्डावर लिहिल्याप्रमाणे थर्मामीटर लावला. ताप नव्हता. पुन्हा लावला, तरी नव्हता. ताप नाही म्हणजे काळजी नाही, अशक्तपणा असेल, म्हणून अळणी रस्सा पाजत राहिले. (आपल्याकडे मटणाच्या अळणीवर सगळ्यांचा भारी विश्वास. पोटात प्रथिनं जातात, त्यामुळे मीही नाक मुरडत नाही.) शेवटी दुसऱ्या रुग्णालयात नेलं तेव्हा दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया होता. आणि तिथल्या डॉक्टरांच्या हातात जे कार्ड पडलं, त्यावरून त्यांना एवढंच कळलं की याच्या पायाला मागे पू झाला होता.

तो वाचला. आता प्रश्न असा की ताप का आला नाही? त्याच्या बाबतीत नेमकं कारण काय, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण त्याच्या पेशी कुणी तपासल्या नव्हत्या. साखर होती, वय होतं, एखादी तापाची गोळीही पोटात गेली असेल. पण गंभीर दाहातून गेलेल्या शरीरात ताप चढवणारी यंत्रणाच मंदावलेली असू शकते, याचा पुरावा गेल्या पाऊणशे वर्षांत साठत आला आहे. तो तुमच्या कार्डापर्यंत पोचत नाही, ही माझी तक्रार.

१९४६ साली पॉल बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी सशांना टायफॉइडच्या लशीची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा दिली. पहिल्यांदा सशांना सणसणून ताप आला. पुढे त्याच डोसाला ताप कमी कमी होत गेला. जंतूच्या भिंतीतल्या विषाला शरीर सरावतं, एवढं तेव्हा दिसलं. पेशीच्या आत काय घडतं, ते कळायला पुढची साठेक वर्षं गेली.

आज जे कळलं आहे ते थोडक्यात असं. जंतूच्या भिंतीचे तुकडे मोनोसाइट किंवा मॅक्रोफेज या संरक्षक पेशींच्या पृष्ठभागावरची टोल-लाइक रिसेप्टर नावाची प्रथिनं ओळखतात. संदेश आत जातो आणि एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं. टीएनएफ, आयएल-१ बीटा, आयएल-६ या दाह भडकवणाऱ्या प्रथिनांची जनुकं त्याला चालू करायची असतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ताप वाढवायला लावणारे रेणू हेच. पण केंद्रकात डीएनए मोकळा पडलेला नसतो. एका पेशीत साधारण दोन मीटर डीएनए असतो आणि तो आठ हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्यांभोवती गुंडाळून ठेवलेला असतो, एकेका गठ्ठ्याभोवती १४७ बेस-जोड्यांचा वेढा. हिस्टोनांच्या बाहेर आलेल्या शेपटांवर ॲसिटिल गट बसले की वेढे सैल होतात आणि जनुक वाचता येतं. ॲसिटिल गट निघाले आणि त्याऐवजी हिस्टोन एच-३ च्या नवव्या लायसिनवर मिथाइल गट बसले की तिथे एचपी-१ नावाचं प्रथिन येऊन चिकटतं, मागोमाग खुद्द डीएनएवरही मिथाइलचे शिक्के मारणारी विकरं (एन्झाइम) येतात आणि तो भाग घट्ट आवळला जातो. जनुकाच्या क्रमात एका अक्षराचाही फरक झालेला नसतो. हे एपिजेनेटिक नियंत्रण.

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आपल्याला ठाऊक आहेत. पाण्याची पातळी चढली की आपसूक उघडतात, उतरली की मिटतात, पुन्हा चढली की पुन्हा उघडतात. साध्या संसर्गात रोगप्रतिकारक जनुकं जवळपास अशीच वागतात. सेप्सिससारख्या प्रचंड दाहानंतर मात्र काही दरवाजे मिटतात ते मिटूनच राहतात. दुसरा जंतू येतो, रिसेप्टर त्याला ओळखतो, एनएफ-कप्पा-बी केंद्रकापर्यंत येतंही, पण टीएनएफ आणि आयएल-१ बीटाची जनुकं आवळलेल्या भागात असतात. अमेरिकेत चार्ल्स मॅकॉल यांच्या गटानं हे आवळणं प्रयोगशाळेतल्या पेशींत टप्प्याटप्प्यानं दाखवलं.

इथे "रोगप्रतिकारशक्ती कमी होते" असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. माझे विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत तेच लिहितात. पण २००७ साली फॉस्टर, हारग्रीव्ह्ज आणि मेझितोव यांनी नेचर या नियतकालिकात जे छापलं ते याहून बरंच मजेशीर आहे. त्यांनी मॅक्रोफेजना जंतूचं विष एकदा दिलं, मग दुसऱ्यांदा दिलं. दाह भडकवणारी जनुकं दुसऱ्या वेळी गप्प बसली. मात्र जंतूंना थेट मारणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालूच राहिली, त्यातली काही तर जास्त जोमानं. एकाच पेशीत, एकाच संदेशाला, दोन प्रकारच्या जनुकांचं उत्तर वेगळं, आणि हा फरक हिस्टोनवरच्या खुणांनी ठरवलेला. यात शरीराचं शहाणपण आहे. दाह तसाच भडकत राहिला तर जंतूंच्या आधी आपलेच अवयव जातील, म्हणून शरीर दाह आवरतं आणि जंतू मारायची सोय राखतं. प्रचंड सेप्सिसमध्ये हा आवर जरुरीपेक्षा जास्त बसतो आणि वेळेवर सुटत नाही. मोनोसाइटच्या पृष्ठभागावरचं एचएलए-डीआर नावाचं प्रथिन कमी होतं, म्हणजे जंतूचा तुकडा टी-पेशी या दुसऱ्या संरक्षक पेशींना दाखवायची क्षमताच घटते. टी-पेशीही थकलेल्या असतात. २०११ साली हॉचकिस यांच्या गटानं सेप्सिसनं मृत्यू पावलेल्यांच्या प्लीहा आणि फुफ्फुसं तपासली, त्यात हेच चित्र दिसलं.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, की मोनोसाइट रक्तात जगतो फार तर काही दिवस, मग ही खूण महिनोन्‌महिने कशी टिकेल? प्रश्न रास्त आहे आणि मला या विषयातला सगळ्यांत रंजक भाग हाच वाटतो. मोनोसाइट मरतो, पण तो जिथे तयार होतो त्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर खुणा राहतात. गंभीर कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातल्या मूळ पेशी तपासून २०२३ साली सेल या नियतकालिकात एक काम आलं. त्या पेशींच्या क्रोमॅटिनमधले (हिस्टोनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएमधले) बदल वर्षभरापर्यंत टिकलेले दिसले आणि त्यांच्यापासून निघालेल्या मोनोसाइटमध्येही ते उतरले होते. तिथे कल गप्प बसण्याऐवजी जास्त भडकण्याकडे होता, हेही सांगायला हवं. म्हणजे खूण टिकते हे नक्की, पण ती कुठल्या दिशेची असेल हे आजारावर, पेशीवर आणि जनुकावर ठरतं. फुफ्फुसाचं आणखी वेगळं. २०२० साली रोकीली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका न्यूमोनियानंतर फुफ्फुसात कायम राहणाऱ्या मॅक्रोफेजमध्ये एपिजेनेटिक बदल होतात आणि जंतू गिळायची त्यांची ताकद पुढे बराच काळ कमी राहते. सेप्सिसनंतर पेशंट परत येतो तो बऱ्याचदा न्यूमोनिया घेऊनच, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलेलं आहे.

आकडे तुम्हाला पाठ असतील, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून देतो. २०१७ या एका वर्षात जगभरात सेप्सिसचे अंदाजे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाले, म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंतला जवळपास एक. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेनं सेप्सिसवर ठराव केला. वाचलेल्यांचं पुढे काय होतं, याचा आढावा प्रेस्कॉट आणि अँगस यांनी २०१८ मध्ये घेतला. तो मुख्यतः अमेरिकेतला आहे. त्यानुसार सुमारे ४० टक्के लोक ९० दिवसांच्या आत पुन्हा रुग्णालयात दाखल होतात आणि साधारण एक तृतीयांश लोक वर्षभरात दगावतात. आपल्या जिल्ह्याचे असे आकडे काढायचे म्हटले तर निघणार कसे? निदानच कार्डावर नसतं. पहिल्यांदा 'सेल्युलायटिस' म्हणून सुटलेला आणि दुसऱ्यांदा 'न्यूमोनिया' म्हणून दाखल झालेला माणूस एकच आहे, हे कुठल्या वहीतून कळावं?

माझी पहिली मागणी म्हणूनच फुकटातली आहे. सेप्सिस झाला असेल तर कार्डावर सेप्सिस लिहा. कुठून सुरू झाला, कुठल्या अवयवांना फटका बसला, व्हेंटिलेटर किती दिवस, रक्तदाबाचं औषध लागलं का, डायलिसिस लागलं का, स्टेरॉइड दिलं का. स्टेरॉइडचं मुद्दाम म्हणतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे हीच स्टेरॉइडं, दाह उतरवतात ते काही अंशी याच वाटेनं, हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना दाहाच्या जनुकांपाशी नेऊन. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात असं दाखवलं, त्यामुळे औषधाला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याच औषधाच्या सैल वापरानं आणि बेभान साखरेनं २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) किती माजला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पुढच्या डॉक्टरला हे सगळं कळायला हवं. आणि ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत डिस्चार्जच्या कागदावर आयसीयूतला मुक्काम, सेप्सिसचं निदान, उपचार आणि त्यानंतर राहणाऱ्या तक्रारी लेखी द्या आणि तोंडीही सांगा, असं स्पष्ट म्हटलं आहे.

दुसरी मागणी त्या शेवटच्या ओळीची. 'ताप आल्यास दाखवणे' ही ओळ काढू नका, पण तिच्या खाली मराठीत आणखी चार ओळी घाला. श्वास मिनिटाला बाविसाच्या वर चालला, माणूस बरळायला लागला किंवा नेहमीसारखा बोलेना, लघवी कमी झाली, हातपाय गार पडून कातडी चट्टेदार दिसू लागली, तर ताप असो वा नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. छापील शिक्का करून घेतला तरी चालेल. आमच्या वहिनी चौथी शिकलेल्या आहेत. थर्मामीटर त्यांना वाचता येतो, घड्याळ लावून श्वासही मोजता आले असते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ओपीडीत गर्दी असते, एका पेशंटला पाच मिनिटं मिळत नाहीत, हे मला मान्य आहे. सेप्सिस हा शब्द ऐकला की नातेवाईक हवालदिल होतात आणि "जंतू तुमच्याच दवाखान्यात लागले" म्हणून भांडायला उठतात, हेही ऐकून आहे. मारहाणीच्या बातम्या आम्हीही वाचतो. यावर उपाय कार्ड गुळगुळीत ठेवणं हा मात्र नव्हे. बिल हातात पडल्यावर लोकांना काय झालं होतं ते अर्धवट कळतंच, आणि अर्धवट कळलेलं जास्त पेटतं.

या जिल्ह्यात कार्डाला आणखी एका कारणानं वजन आहे. हंगामात ऊसतोडीसाठी बीडकडची माणसं बायकापोरांसह इथल्या फडांत येतात. कोयता लागतो, बुडखा लागतो, पाचटात साप-विंचू असतात. त्यातला कुणी इथे आयसीयूतून वाचला तर हंगाम संपताच तो साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब गावी जातो. फेरतपासणीला तो तुमच्याकडे येणार नाही. त्याच्याबरोबर जाईल तो कागदच. तसंच पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं काय केलं ते सांगायला नको. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळच्या शेवटच्या गावापर्यंत लोकांनी दिवसच्या दिवस घाण पाण्यात काढले. पूर उतरल्यावर आरोग्य विभाग लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतो, ते चांगलंच. पण मागच्या काही महिन्यांत सेप्सिसमधून उठलेला माणूस गावात कोण आहे, हे आशाताईंच्या वहीत असेल तर त्याला आधी गाठता येईल. आशाताईंवर कामाचा बोजा किती आहे ते मला ठाऊक आहे, आणि मानधन न वाढवता हा आणखी एक रकाना त्यांच्या गळ्यात मारावा असं मी म्हणत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रानं यादी ठेवावी. ती फार लांबलचक होणार नाही.

लसीबद्दल थोडंच. न्यूमोकोकल लस सरकारी कार्यक्रमात बाळांना मिळते, मोठ्यांना पदरचे पैसे घालावे लागतात. फ्लूच्या लशीचेही पैसे मोठ्यांना बहुधा स्वतःच घालावे लागतात. घ्यायची की नाही, कधी घ्यायची, हे तुम्ही ठरवा, पण सोडताना विषय तरी काढा.

आता या संशोधनाच्या नावावर जे चालू होईल, किंबहुना झालंच आहे, त्याबद्दल. हे सगळं वाचून कुणी 'एपिजेनेटिक टेस्ट'चं पॅकेज विकायला येईल. हिस्टोनवरच्या खुणा मोजून सेप्सिसच्या पेशंटचा उपचार ठरवता येईल अशी तपासणी आज रोजच्या वापरात नाही. मोनोसाइटवरचं एचएलए-डीआर फ्लो सायटोमेट्री या पेशी तपासायच्या तंत्रानं मोजता येतं, पण तेही बहुतेक ठिकाणी संशोधनापुरतंच. नेदरलँड्समध्ये मिहाई नेतेआ यांच्या गटानं २०१६ साली बुरशीच्या भिंतीतल्या बीटा-ग्लुकाननं गप्प झालेल्या मोनोसाइटची जनुकं पुन्हा जागी होतात असं दाखवलं. काम अस्सल आहे, मी ते वर्गात शिकवतो. पण ते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आहे, आणि त्याचा दाखला देऊन मश्रूमची पावडर 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून विकणं ही निव्वळ लबाडी आहे. १९९० च्या दशकात टीएनएफ रोखणारी औषधं सेप्सिसवर मोठ्या आशेनं वापरून पाहिली गेली आणि त्यांनी अपेक्षाभंग केला. कुठला पेशंट भडकलेल्या अवस्थेत आहे आणि कुठला गप्प झालेल्या, हे न कळता दाह दाबायचा किंवा चेतवायचा म्हणजे अंधारात दगड. आयसीयूतून आलेल्या पेशंटच्या उशाशी मी असले डबे पाहतो. तुम्ही एकदा ठामपणे नको म्हणालात तर घरचे ऐकतील. माझं कुणी ऐकत नाही.

मराठीतला चार ओळींचा तो मजकूर आणि कार्डावरच्या सेप्सिसच्या रकान्यांचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. त्यात वैद्यकीय चुका असतील तर त्या तुम्ही काढायच्या आहेत. १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन असतो, त्या दिवशी पोस्टर लावली जातील, भाषणं होतील. त्याआधी, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर, शहरातल्या दोन-तीन आयसीयूंनी जरी नव्या कार्डाची सुरुवात केली तरी नव्वद दिवसांत कोण परत आलं आणि कशासाठी, याची जिल्ह्यातली पहिली नोंद हाती येईल. ती नोंद ठेवायला, तक्ते करायला माझे एम.एस्सी.चे विद्यार्थी द्यायला मी तयार आहे. पेशंटची नावं त्यांच्यापर्यंत येऊ नयेत, एवढी व्यवस्था तुमच्याकडून हवी.

कळावे,
आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक, कोल्हापूर